एकोणचाळीस आणि सेहेचाळीस, निम्मे निम्मे

आमच्या घरात जी गोष्ट काट्यावर चढली नाही ती खरी धरत नाहीत. मुरुमच्या बाजारपेठेत सासऱ्यांची आडत आहे. शेतकरी तूर, सोयाबीन, ज्वारी आणून घालतात, तिथं ती तोलली जाते आणि पुढं जाते. आता इलेक्ट्रिक काटा आलाय, पण आतल्या खोलीत जुना लोखंडी काटा अजून आहे आणि दिवाळीच्या पाडव्याला पूजा होते ती त्याचीच. पूजा झाली की घरातल्या प्रत्येकानं त्याच्यावर उभं राहायचं. सासरे स्वतः वजनं लावतात, आकडा मोठ्यानं पुकारतात आणि मागच्या भिंतीवर खडूनं लिहितात. दरवर्षी दिवाळीआधी भिंतीला चुना लागतो आणि मागचे आकडे जातात.

लग्न होऊन आले त्या पहिल्या पाडव्याला मलाही चढवलं. अठ्ठेचाळीस किलो. "हलका माल हाय," सासरे म्हणाले आणि सगळी आडत हसली, हमालांसकट. मला असा राग आला होता, की त्या दिवशीची पुरणपोळी मी खाल्ली नाही. त्यानंतरच्या सोळा पाडव्यांत मी त्यांना हलका माल म्हणायची संधी परत दिलेली नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. माणूस तापट नाही, पण काट्याच्या बाबतीत कुणाचं ऐकणार नाही. मीही काही कमी नाही. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, की या घरात दोन आडमुठी माणसं आहेत आणि तो मध्ये बसून जेवतो.

मी आडतीवर नसते. पेठेतल्याच एका मेडिकलमध्ये अकरा वर्षं काउंटर सांभाळते. कुठलं औषध कुठल्या कप्प्यात, कशाऐवजी काय चालतं, कशाबरोबर काय चालत नाही, हे मला डोळे झाकून येतं. पण भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला फार्मासिस्टचा कागद मालकांचा. पांढरा कोट त्यांचा. मी म्हणजे "त्या मेडिकलातल्या ताई". दोन वर्षांमागं मालक मला म्हणाले, "मी दोन-तीन वर्षांत मुलाकडं जाणार. तोवर तू डी. फार्म. केलंस तर हे दुकान तूच चालव. न्हायतर मला दुसरं कुणी बघावं लागंल."

डी. फार्म. दोन वर्षांचं. त्याला बारावी सायन्स पास लागतं. आणि लग्नाआधी मी बारावीला रसायनशास्त्रात गचकले होते. तेवढा एकच विषय. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी कधी टोमणा मारला नव्हता, पण मला तो विषय दातात अडकलेल्या तंतूसारखा सतत जाणवायचा. हिशेब साधा होता. येत्या मार्चला निघाला तर मेडिकल माझं, नाही निघाला तर एवढ्या वर्षांनंतर कुणा नव्या माणसाच्या हाताखाली परत काउंटर. मी रिपीटर म्हणून फॉर्म भरला.

अभ्यासाला जागा आडतीवरच मिळाली. दुपारी दोन ते चार मेडिकल बंद असतं आणि आडतही सुस्तावलेली असते. मी सोयाबीनच्या पोत्यांवर पाय वर घेऊन बसायचे, मामा गादीवर लोळत ऐकायचे. मी मोठ्यानं वाचते, ती सवय. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण मध्येच "व्हय का?" म्हणायचे.

रविवारी ज्युनियर कॉलेजात रिपीटरांचा वर्ग असायचा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. बाकीची पोरं सतरा-अठरा वर्षांची. पहिल्या दिवशी त्यातल्या एकानं मला पाहून उठून नमस्कार केला, त्याला वाटलं तपासणीला कुणी आलंय.

सगळं बरं चाललं होतं, आणि मग द्रावणांचा धडा आला.

बाष्पदाब म्हणजे काय, हे मला पुस्तकाच्या आधी स्पिरिटच्या बाटलीनं शिकवलं होतं. एप्रिलात मेडिकलचा पत्रा तापला, की बाटलीचं झाकण फिरवताना फुस्स होतं. आतला द्रव उडून वरच्या मोकळ्या जागेत जमतो आणि झाकणाला ढकलत राहतो. त्या ढकलण्याचा जोर म्हणजे बाष्पदाब. खोबरेल तेलाच्या बाटलीला ही खोड नाही. ज्याला उडायची घाई जास्त त्याचा दाब जास्त. आता दोन द्रव एकत्र केले तर मिश्रणाचा दाब किती? नियम सरळ आहे. मिश्रणात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा त्याच्या दाबातला वाटा घ्यायचा, आणि दोन्ही वाट्यांची बेरीज करायची. वाचल्यावर मला वाटलं, हे तर आमच्या घरचंच काम.

गणित असं होतं. बेंझीन एकोणचाळीस ग्रॅम, टोल्युईन सेहेचाळीस ग्रॅम. एकट्या बेंझीनचा दाब पंच्याण्णव, एकट्या टोल्युईनचा अठ्ठावीस. मिश्रणाचा काढा. मी दोन्ही वजनं मिळवली, पंच्याऐंशी. पंच्याऐंशीतले एकोणचाळीस बेंझीनचे, सेहेचाळीस टोल्युईनचे. हिस्से काढले, दाबांना गुणलं, बेरीज केली. अठ्ठावन्न पूर्णांक सात. पुस्तकातलं उत्तर साडेएकसष्ट.

"जवळ तर आलंय," मी मॅडमना म्हणाले.

"ताई, तुमच्या मेडिकलात असं जवळ आलेलं चालतं का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही वजनं घातलीत. मोल घालायचे. मोल म्हणजे कणांची मोजदाद. बेंझीनच्या अठ्ठ्याहत्तर ग्रॅममध्ये जेवढे कण, तेवढेच कण टोल्युईनच्या ब्याण्णव ग्रॅममध्ये. म्हणून इथं एकोणचाळीस ग्रॅम म्हणजे अर्धा मोल, आणि सेहेचाळीस ग्रॅम म्हणजेही अर्धाच मोल. दोघांचा हिस्सा निम्मा निम्मा."

"एकोणचाळीस आणि सेहेचाळीस निम्मे निम्मे?" मी इतक्या जोरात विचारलं, की मागच्या बाकावरची पोरं हसली.

सोळा वर्षं आडतीच्या घरात काढल्यावर हे पचणं सोपं नव्हतं. एका पारड्यात एकोणचाळीस, दुसऱ्यात सेहेचाळीस, दुसरं सरळ खाली जाणार, आणि ही बाई म्हणते समसमान! मी वहीत लिहून घेतलं, "वजन नाही, मोल". दहा वेळा लिहिलं. पण गणित समोर आलं की हात आपसूक ग्रॅमकडं जायचा आणि ग्रॅमची बेरीज करून मोकळा व्हायचा. वाईट याचं, की उत्तर दरवेळी खऱ्याच्या शेजारीच कुठंतरी यायचं. पार चुकलं असतं तर कळलं तरी असतं.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. सत्तरपैकी एकोणीस. त्या धड्यावरची दोन्ही गणितं वजनं घालून सोडवलेली. आणि पेपर बघता बघता मला आठवलं, की लग्नाआधी नापास झाले त्या पेपरातही दोन द्रवांचं गणित होतं आणि तेव्हाही मी अशीच बेरीज करून आले होते. म्हणजे दोष सासरचा नव्हता. तो मी माहेरून घेऊन आले होते. माझ्या वडिलांचं किराणा दुकान आहे.

दुपारी आडतीवर आले आणि वही पोत्यावर आपटली. "मामा, मी परीक्षेला बसणार न्हाय."

मामा उठून बसले. "का? काय झालं?"

"मला जमत न्हाय. मेडिकल दुसऱ्याला जाऊ दे. मी आहे तिथं बरी आहे." मला रडू येतंय याचाच मला जास्त राग आला.

मामांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, "गणित सांग. मराठीत सांग."

मी सांगितलं. एकोणचाळीस, सेहेचाळीस, सगळं. मॅडम काय म्हणतात तेही सांगितलं. मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांना माझी चूक कळली नव्हती. मॅडमची चूक त्यांच्या लक्षात आली होती.

"एकोनचाळीस आन् सेहेचाळीस निम्मं निम्मं? कोन म्हनतं? सात ग्रॅमचा फरक कुठं गेला? तुजं बराबर हाय. रविवारी म्या येतो तुज्यासंगं."

मी नको नको म्हणाले, नवऱ्यानं हात जोडले, पण मामा ठरवलेलं मोडत नाहीत. रविवारी धुतलेला सदरा, धोतर, टोपी घालून माझ्यापुढं चालत कॉलेजात शिरले. मी मागून, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, अशी.

वर्ग अजून भरला नव्हता. मॅडम प्रयोगशाळेत एकट्याच होत्या. मामांना त्यांनी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम, म्या चाळीस वर्सं काट्यावर हाय," मामांनी सुरुवात केली. "आमच्या पोरीनं वजनं बराबर धरलीत. तुमी ती चूक म्हनता. आमाला समजून सांगा."

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या हसल्याही नाहीत. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "काका, घरी जनावरं आहेत?"

"दोन म्हशी हायत."

"त्यांना कडबा कुठनं घेता? तोलून घेता का?"

मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू विचारत होते, ही पोरगी शिकली कशी. "कडबा कुनी तोलतं व्हय? शेकड्यानं घेत्यात. शंभर पेंढ्या मोजायच्या आन् गाडीत टाकायच्या."

ज्वारी काढल्यावर उरलेली ताटं वाळवून पेंढ्या बांधतात, तो कडबा. कणसातली ज्वारी किलोवर जाते आणि तिचाच कडबा नगावर. आमच्याकडं लहान लेकरालाही हे माहीत असतं, मला तर होतंच.

"आमचं शेत तामलवाडीला आहे," मॅडम म्हणाल्या. "आमच्या काळ्या रानातली पेंढी जाड पडते. शेजारच्या माळावरची बारीक. समजा गाडीत पन्नास जाड टाकल्या आणि पन्नास बारीक. शेकड्यात जाड पेंढ्यांचा हिस्सा किती?"

"निम्मा."

"वजन?"

"जाड पेंढी जास्त भरंल की. पर शेकड्यात ती निम्मीच." टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"बेंझीन बारीक पेंढी आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि टोल्युईन जाड. एकोणचाळीस ग्रॅम बारीक पेंढ्या आणि सेहेचाळीस ग्रॅम जाड पेंढ्या. मोजल्या तर दोन्ही सारख्याच भरतात."

मला तिथंच कळायला हवं होतं, पण मला आधी ओशाळल्यासारखं झालं. मामा मात्र मुरलेले व्यापारी. एवढ्यावर सौदा सोडणाऱ्यातले नव्हेत. "ते ठीक हाय. पर ह्ये मोजूनच का घ्यायचं? ह्ये काय कडबा हाय का? म्या म्हनलं तोलूनच घेनार, तर काय बिघडलं?"

"काका, द्रवातनं कण उडतो तो एकेकटा उडतो. किलोनं उडत नाही."

मामांनी डोळे बारीक केले. "म्हंजे यष्टीवानी. दारातनं उतरायचं तर जाड्यानं बी एकटंच उतरायचं आन् बारक्यानं बी. कंडक्टर डोकी मोजतो, पोटं तोलत न्हाय."

"अगदी तसंच."

"आन् जाड मानूस जरा सावकास उतरंल, त्याचं काय?"

हा प्रश्न ऐकून मॅडमच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो मला आजही आठवतो. वर्गात आम्ही कुणीच त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता. "ते त्या अठ्ठावीसमध्ये आलेलं आहे, काका. कोण किती घाईनं उडतं हे पंच्याण्णव आणि अठ्ठावीस या आकड्यांतच सांगितलंय. आता परत वजनाचा हिस्सा लावला, तर एकच पोतं दोनदा काट्यावर चढवल्यासारखं होईल."

मामा स्टुलावरून उठलेच. "एकच पोतं दोनदा? न्हाय न्हाय न्हाय. ते पाप हाय!" मग माझ्याकडं वळून, "अगं, तू दोनदा तोलत होतीस व्हय? आन् म्या तुजी बाजू घिऊन आलो!"

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख झालं. सोळा वर्षांपूर्वीचा पेपर, सराव परीक्षा, सगळीकडं मी एकच पोतं दोनदा तोलत आले होते. वजन चुकीचं नव्हतं. ते लावायची जागा ती नव्हती. मी वही ओढली आणि उभ्याउभ्या गणित केलं. पंच्याण्णवचे निम्मे साडेसत्तेचाळीस. अठ्ठावीसचे निम्मे चौदा. साडेएकसष्ट.

खूश झाले की मामांच्या तोंडून कानडी बाहेर पडतं. "हौदू, हौदू," म्हणजे बरोबर, बरोबर, असं म्हणत त्यांनी टोपी घातली. जाता जाता मॅडमना म्हणाले, "तुमच्या रानातला कडबा असंल तर सांगा. जाड पेंढी आमाला चालती."

त्या दिवसापासून दुपारी आडतीवर मला सुख राहिलं नाही. मी कुठलंही गणित वाचायला लागले, की गादीवरून आवाज यायचा, "आधी पेंढ्या मोज!" हमालही शिकले. पोतं खांद्यावर घेऊन जाताना विचारायचे, "वैनी, मोजल्या का?" त्यांच्यापुढं चुकायची मला लाज वाटायला लागली, आणि लाजेचा उपयोग होतो.

मार्चमध्ये परीक्षा. हॉलमध्ये मी सगळ्यांत मोठी. पर्यवेक्षक बाई तर माझ्याहून लहान. पेपर उघडला आणि तिसऱ्या पानावर दोन द्रव बसलेले. बेंझीन पंधरा पूर्णांक सहा ग्रॅम, टोल्युईन सत्तावीस पूर्णांक सहा, दाब तेच, पंच्याण्णव आणि अठ्ठावीस. माझ्या हातानं, खरं सांगते, लगेच अधिकचं चिन्ह काढलं. इतक्या वर्षांची खोड. मग पेन खाली ठेवलं, तळवे साडीला पुसले आणि मनात मामांचा आवाज आणला. बारीक पेंढ्या किती? दोन दशांश. जाड किती? तीन दशांश. पाचातल्या दोन याच्या, तीन त्याच्या. अडतीस आणि सोळा पूर्णांक आठ. चोपन्न पूर्णांक आठ. उत्तर लिहून झाल्यावर बघते, तर कच्च्या कामाच्या जागेत मी मोलऐवजी स्पष्ट अक्षरात "पेंढ्या" लिहिलं होतं. ते खोडलं. तपासणाऱ्याला वाटायला नको, की आडतीवरचं पान चुकून जोडलं गेलंय.

निकाल लागला तेव्हा आम्ही आडतीवरच होतो. नवऱ्याच्या मोबाइलवर पान उघडेना. मामा विचारत होते, आलं का, आलं का. मी पोत्याच्या शिवणीचा सुतळीचा धागा ओढत बसले होते, सोयाबीन सांडायला लागलं तरी माझं लक्ष नव्हतं. शेवटी नवरा म्हणाला, "रसायनशास्त्र, एक्केचाळीस."

"पास कितीला?" मामा.

"शंभरात पस्तिसाला."

"मग सहानं वर हाय की!" मामा ओरडले. मी तिथंच पोत्यावर तोंड झाकून रडले. आवाज करून रडले. हमाल बिचारे घाबरून बाहेर जाऊन उभे राहिले.

मामा पेढे आणायला स्वतः गेले. नवरा बरोबर होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. मिठाईवाल्यानं सवयीनं तागडी पुढं ओढली आणि विचारलं, किती किलो? मामा म्हणाले, "तागडी ठेव बाजूला. मोजून दे. शंभर." मिठाईवाला बघतच राहिला. उभ्या पेठेला मापात घालणारा माणूस पेढे नगावर मागत होता. मग ते घरोघर फिरले. मोठ्या घरी एक, लहान घरी एक, मेडिकलच्या मालकांना एक, मॅडमना एक, प्रत्येक हमालाला एक. "एकाला एकच," सगळ्यांना सांगत होते. कुणाला काही कळत नव्हतं, पण पेढा सगळ्यांनी खाल्ला.

मी संध्याकाळी आतल्या खोलीत गेले, तर मामा भिंतीपुढं उभे होते. पोत्यांवर खूण घालायचा काळा रंग असतो, धुतला तरी न जाणारा, त्यात ब्रश बुडवून त्यांनी माझ्या वजनाच्या शेजारी एवढं मोठं एक्केचाळीस लिहिलं होतं. नवरा दारातून म्हणाला, "दादा, बघणाऱ्याला वाटंल हे हिचं वजन आहे." मी म्हटलं, वाटू दे. लग्नातसुद्धा मी इतकी हलकी नव्हते.

आता मी डी. फार्म.ला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी काउंटर. मालकांनी त्यांची फ्रेम अजून काढलेली नाही, पण शेजारी एक खिळा ठोकून ठेवलाय.

प्रवेश मिळाल्यानंतर आलेल्या दिवाळीत चुना मारणारा आला. आतल्या खोलीत बादली ठेवून त्यानं ब्रश उचलला आणि ते काळे आकडे बघून विचारलं, "मामा, ह्ये खरवडू का? चुन्यानं दबणार न्हाय."

मामा सुपात तुरीचा नमुना पाखडत होते. मान वर न करता म्हणाले, "तेवढं सोडून मार."

पाडव्याला मी काट्यावर चढले. बहात्तर किलो, मामांनी खणखणीत पुकारलं आणि खडूनं एक्केचाळीसच्या खाली लिहिलं. यंदाच्या चुन्यात ते बहात्तर गेलं. एक्केचाळीस आहे.